शंकरपट : छकडी तीच, शर्यत निराळी

अमेरिकेतील नॅस्कार शर्यतींत २०२२ साली नव्या घडणीची मोटार आली. तिचे बहुतेक सुटे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. ते स्वतः घडवून आघाडी मिळवण्याची संघांची वाट त्यामुळे अरुंद झाली.

अड्याळच्या परिसरात, एकूणच झाडीपट्टीत, शंकरपटाचा इतिहास याची उलटी बाजू दाखवतो. इथे छकडी हलकी आणि साधी. नाव होते ते बैलजोडीचे आणि धुरकऱ्याचे. वाहन बदलले ते शर्यतीबाहेर, शेतात. ट्रॅक्टर आला आणि नांगराचा बैल व पटाचा बैल एकच असण्याचे कारण उरले नाही. पटाची जोडी हा वेगळा खर्च झाला. लहान शेतकऱ्याला तो पेलणे कठीण.

मग कायदा आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली. चाबूक आणि विजेचा धक्का आता निषिद्ध आहेत, आणि बैलाच्या वेदनेचा प्रश्न खोटा नव्हताच. परंतु साडेसात वर्षांत धावत्या बैलांची एक पिढी सरली.

पटाच्या रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. म्हणूनच या रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्याने दिवसाच्या शर्यतीची नियमावलीही वाचायला हवी.