टेलिफोन मुका कां होतो ?

कचेरींतील टेलिफोन बंद पडला म्हणजे पहिला आरोप मेजावरील यंत्रावर येतो. शिपाई तें हलवून पाहतो, कारकून तार ओढून पाहतो, आणि तासाभरांत "यंत्र बिघडलें" असा निकाल लागून नव्या यंत्राची मागणी वर जाते. नवें यंत्र येतें, आणि पुष्कळदां तेंहि बोलत नाहीं ! असें कां व्हावें, याचें उत्तर टेलिफोनच्या इतिहासांत सांपडतें. मेजावर दिसतें तें टेलिफोनचें केवळ अर्धें अंग होय. दुसरें अंग एक्स्चेंजमध्यें, म्हणजे सर्व तारा जेथें एकत्र येतात तेथें, असतें. आणि या दोन अंगांना एकमेकांची भाषा समजली तरच संभाषण घडतें. पूर्वीं ही भाषा जुळवून घेण्यासाठीं मध्यें एक माणूस बसलेला असे. तो माणूस तेथून उठला, आणि त्याचें काम नकळत आपल्यावर येऊन पडलें.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचें पेटंट १८७६ सालच्या मार्च महिन्यांत मिळालें. त्यानंतर सहा वर्षांच्या आंतच, १८८२ च्या जानेवारींत, कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें एक्स्चेंज उघडण्यांत आलें. त्या काळच्या यंत्राच्या लांकडी पेटींत दोनतीन विद्युत्‌घट असत व बाजूला एक दांडा असे. दांडा फिरविला म्हणजे आंतील लहानसें जनित्र वीज उत्पन्न करी, एक्स्चेंजच्या फळ्यावर त्या तारेची झांपडी खालीं पडे, आणि ऑपरेटर कोण पाहिजे तें विचारी.

या दांड्याच्या अंगीं एक मोठा गुण होता. तो तारेची प्रकृति हाताला सांगे. दांडा जड लागला, तर वाटेंत कोठें तरी दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. फारच हलका लागला, तर तार तुटली आहे, हें अनुभवी मिस्त्री पेटी न उघडतां ओळखीत. दुसऱ्याचें आपल्याला ऐकूं येतें, पण आपलें त्याला ऐकूं जात नाहीं, असें झालें तर पेटींतील घट उतरले असें समजत. आणि यंत्र थोडें कुरकुरत असलें, तरी ऑपरेटर पुन्हा विचारी, अंदाज बांधी व वेळ निभावून नेई.

दूरच्या बोलण्यांत हा मधला माणूस पुष्कळ काळ टिकला. यवतमाळहून मुंबईस बोलावयाचें म्हणजे ट्रंक कॉलची नोंद करून वाट पहात बसावें लागे. घाई असेल त्यानें "अर्जंट"चा दर भरावा, अगदींच निकड असेल त्यानें "लाइटनिंग"चा. "पी. पी." कॉल असला, तर हवी ती व्यक्ति पलीकडे हजर आहे कीं नाहीं, याचीहि चौकशी ऑपरेटरच करी. कापसाच्या या जिल्ह्यांत मुंबईचा भाव वेळेवर कळणें ही लहान गोष्ट नव्हती. ऑपरेटरशिवाय परगांवीं थेट बोलण्याची सोय आपल्या देशांत १९६० सालीं लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान प्रथम झाली.

मधल्या माणसाला उठविण्याचा उद्योग मात्र त्याच्या कितीतरी आधीं सुरू झाला होता. अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा एक व्यावसायिक होता. ऑपरेटरबाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, अशी आख्यायिका आहे. संशय खरा असो वा खोटा, त्यानें स्वयंचलित एक्स्चेंज शोधून काढलें व १८९१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पुढच्याच वर्षीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट येथें तें सुरू झालें. आपल्या देशांतील पहिलें स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ सालीं सिमल्यास बसलें.

येथून यंत्राला शिस्त लागली. डायल सोडली म्हणजे परत फिरतांना ती तारेंतील प्रवाह तोडते. पांचाला पांच वेळां, शून्याला दहा वेळां, आणि तेंहि सेकंदास सुमारें दहा या गतीनें. एक्स्चेंज हे ठोके मोजतें. डायलची गति बिघडली, कीं मोजणी चुकते व भलत्याच घरीं घंटा वाजते. पेटींतील घटहि गेले. सुमारें ४८ व्होल्टांची वीज एक्स्चेंजमधूनच येऊं लागली, आणि रिसीव्हर उचलणें हीच "मला बोलावयाचें आहे" अशी खूण ठरली. घंटेच्या वाटेवर बसविलेला कंडेन्सर नादुरुस्त होऊन त्यांतून प्रवाह वाहूं लागला, तर रिसीव्हर खालीं असूनहि तो सदैव उचललेलाच आहे, असें एक्स्चेंजला वाटतें. ऑपरेटरनें हांक मारून खात्री करून घेतली असती. मोजणाऱ्या यंत्राला शंका येत नाहीं.

१९६३ सालीं अमेरिकेंत बटणांचे टेलिफोन आले आणि भाषा पुन्हा पालटली. आतां ठोक्यांच्या जागीं सूर आले. पांचाचें बटण दाबलें, कीं सेकंदास ७७० व १३३६ कंपनांचे दोन सूर एकदम निघतात. जुन्या एक्स्चेंजला हे सूर समजत नसत. म्हणून कित्येक यंत्रांवर "पल्स" व "टोन" असा एक लहान खटका ठेवलेला असे. तो भलत्या बाजूस राहिला, कीं निर्दोष यंत्रहि निरुपयोगी ठरे. आपल्याकडे १९८४ सालीं सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, व तिचें ग्रामीण एक्स्चेंज १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें प्रथम चालू झालें. वातानुकूलित खोलीवांचून चालावें अशीच त्याची रचना होती. वैशाखांत यवतमाळच्या उन्हाचा अनुभव ज्यांनीं घेतला आहे, त्यांना या गुणाची किंमत निराळी सांगावयास नको.

कचेऱ्यांनीं आपापलीं लहान एक्स्चेंजें बसविलीं, तेव्हां भाषांची संख्या आणखी वाढली. ई. पी. ए. बी. एक्स. या पेटीला साधीं यंत्रें चालतात, तशींच त्या त्या कंपनीचीं खास अंकीय यंत्रेंहि जोडतां येतात. पण एकाची जागा दुसऱ्याला चालत नाहीं, आणि एका कंपनीचें खास यंत्र दुसरीच्या पेटीवर मुकेंच राहतें. अलीकडे टेलिफोन संगणकाच्या जाळ्यावर गेला. जाळ्याच्या तारेंतूनच वीज पुरविण्याची प्रमाण पद्धति २००३ सालीं ठरली. दाब पुन्हा ४८ व्होल्टांच्या आसपासचाच! या यंत्राला मात्र आपलें नांव व परवलीचा शब्द सांगून मुख्य यंत्राकडे नोंद करावी लागते. आवाज कोठें पाठवावयाचा तो पत्ता वाटेंत बदलला, तर एकाच बाजूचें बोलणें ऐकूं येतें. लक्षण शंभर वर्षांपूर्वींचेंच, कारण मात्र अगदीं निराळें.

तेव्हां यंत्र टाकून देण्यापूर्वीं त्या मधल्या माणसाचे प्रश्न आपण विचारावे. वीज पोंचते काय ? रिसीव्हर उचलल्यावर डायलचा स्वर येतो काय ? पहिला आंकडा लावतांच तो स्वर तुटतो काय ? वीज नसेल, तर तार पहावी. स्वर तुटत नसेल, तर एक्स्चेंजला आंकडा समजला नाहीं, भाषा तपासावी. मग संशयित यंत्र त्याच जातीच्या दुसऱ्या चालू जागेवर नेऊन लावावें. तेथें तें बोललें, तर यंत्र निर्दोष ठरलें. नंतर त्याची मूळ तार मुख्य पेटीवर त्याच प्रकारच्या दुसऱ्या जागीं जोडावी. आतां बोलणें झालें, तर पेटींतील जागा खराब. न झालें, तर तार. दोन अदलाबदलींत तीन आरोपींचा निवाडा होतो.

तालुक्याच्या दवाखान्यांत टेलिफोन मुका झाला, तर नव्या यंत्राच्या मंजुरीची वाट पहात महिना काढणें व ही दहा मिनिटांची तपासणी करणें, यांत कोणाच्या तरी जिवाचें अंतर असूं शकतें. निर्दोष यंत्र बदलल्यानें दोष जात नाहीं; तो तारेंत किंवा पेटींत तसाच बसून राहतो, आणि नव्या यंत्रालाहि मुकें करतो.