करवत घेता का, करवत?

माणसानं आयुष्यात एकदा तरी आपलं जुनं यंत्र विकून पाहावं. मुलीसाठी स्थळं शोधत हिंडणाऱ्या बापाची कळ त्याशिवाय कळत नाही.

मला सुतारकामाचा नाद आहे. घरात त्याला व्याधी म्हणतात. पंधरा वर्षं आमच्या गॅरेजात एक बँडसॉ घरघरत होती. बँडसॉ म्हणजे पट्ट्याची करवत : वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवर ताणलेलं अखंड दातेरी पातं. गेल्या दिवाळीत मी नवी, थोरली करवत आणली आणि सौ.नं निकाल दिला, "आता या घरात एक तर ही राहील, नाहीतर ती." आपलं नाव त्या यादीत नाही, एवढ्यावरच मी समाधान मानलं.

विकायच्या मालाचं कूळ ठाऊक असावं म्हणून पुस्तकं काढली. लंडनच्या विल्यम न्यूबेरीनं १८०८ साली या करवतीचं पेटंट घेतलं. कल्पना झकास, पण पात्याची दोन टोकं सांधायची कशी? चाकावरून वळता वळता सांधा तुटायचा. झालं! करवत जवळजवळ चाळीस वर्षं कागदावरच राहिली. १८४६ साली क्रेपँ नावाच्या एका फ्रेंच बाईनं सांधा जोडायची नामी रीत काढली आणि तिचे हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीला विकले. पुढं पोलादही सुधारलं आणि करवत एकदाची धंद्याला लागली. तुटलेलं सांधणं बाईला जमलं, यात आमच्या घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक शेजारचे अप्पा. त्यांनी करवतीला टिचक्या मारल्या, चहा घेतला आणि नवी केवढ्याला पडली ते विचारून घरी गेले. दुसरा भंगारवाला. न्यूबेरीपर्यंत पोचायच्या आतच त्यानं विचारलं, "वजन किती भरंल?" वर म्हणाला, "जुनं झालंय, साहेब."

जुनं? मी त्याला पोर्टस्मथच्या गोदीत नेलं. शिडाच्या मोठ्या लढाऊ जहाजाला दोरखंड ओढायला हजारभर लाकडी कप्प्या लागत. मार्क ब्रुनेलनं त्या करणारी यंत्रं योजली, हेन्री मॉड्स्लेनं ती घडवली आणि सॅम्युअल बेंथॅमनं आरमाराच्या गळी उतरवली. एकूण ४५ यंत्रं. १८०८ साली वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. ११० कारागिरांचं काम दहा साधी माणसं करू लागली. त्यांतली काही यंत्रं १९६० नंतरही चालू होती! भंगारवाला शांतपणे म्हणाला, "मग त्यांना इकलं न्हाई ना कुनी?"

खरं म्हणजे विकायचा प्रयत्न झाला होता. ब्रुनेलनं आपली योजना आधी आरमाराला कप्प्या पुरवणाऱ्या कंत्राटदारांना दाखवली होती. त्यांनी नकार दिला. म्हणजे गिऱ्हाइकानं तोंड फिरवणं ही परंपरा जुनीच. पुढं १८२१ साली हाच ब्रुनेल कर्जापायी तुरुंगात गेला. ही हकिगत मी सौ.ला सांगितली नाही.

तिसरा आला तो एक तरुण सुतार. बरोबर त्याचे वडील. जन्मभर हातकरवत ओढून म्हाताऱ्याचा उजवा खांदा निकामी झालेला. ११० गुणिले खांदे, असा हिशोब पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आला. पोरानं वरचं चाक हातानं फिरवलं, कान लावला आणि आकडा सांगितला. मी वाढवून मागितला, त्यानं थोडा वाढवला. सौदा ठरला.

आणि मला घाम फुटला. वरच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. तासभर चालवलं की चाक डगमगे आणि पातं सरके. हे न सांगता पैसे घेतले असते, तर कुणाला कळणार होतं? कळलं असतं ते त्या पोराच्या बोटांना. मी अडखळत सगळं सांगून टाकलं. आता हा पैसे परत मागणार, म्हणून हात खिशाकडे गेला.

पोरगा हसला. "कळलंय, काका. चाक फिरवलं तेव्हाच. बेअरिंगचे पैसे कापूनच आकडा सांगितला होता मी."

म्हणजे माझा प्रामाणिकपणा त्यानं आधीच किमतीतून वजा केला होता!

करवत टेंपोत चढली. म्हातारा शेजारी बसला आणि डावा हात त्यानं चाकावर ठेवला, गाडीत झोपलेल्या नातवंडावर ठेवावा तसा. टेंपो वळणाआड गेला तरी मी फाटकातच उभा होतो.

मग गॅरेजात येऊन नवी करवत सुरू केली. घरघर नाही, खडखड नाही.

आतून सौ.चा आवाज आला, "का हो, बंद पडली का?"