जड ताऱ्यांची चुंबकीय क्षेत्रे व क्ष-किरण निरीक्षणे

सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमान असलेल्या, म्हणजे ओ व आरंभीच्या बी वर्गांतील ताऱ्यांच्या चुंबकीय क्षेत्रांचा शोध घेण्यासाठी त्यांच्या क्ष-किरणांचा उपयोग केला जातो. या अभ्यासातील सर्वांत परिचित उदाहरण थीटा-१ ओरायनिस सी या ताऱ्याचे आहे. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस दिसणारा तेजोमेघ मुख्यतः याच ताऱ्याच्या अतिनील प्रारणामुळे प्रकाशमान झाला आहे.

पार्श्वभूमी

सूर्याचे चुंबकत्व त्याच्या बाह्य थरातील अभिसरणातून निर्माण होते. जड ताऱ्यांत असा खोल अभिसरणी थर नसल्याने त्यांना लक्षणीय चुंबकीय क्षेत्र नसावे, अशी दीर्घकाळ समजूत होती. जी क्षेत्रे आढळतात ती ताऱ्याच्या जन्मकाळापासून किंवा पूर्वीच्या एखाद्या घटनेपासून उरलेली ‘अवशिष्ट’ क्षेत्रे मानली जातात.

१९७८ मध्ये सोडलेल्या आइनस्टाइन वेधशाळेने ओ वर्गातील तारे क्ष-किरण उत्सर्जित करतात हे दाखवून दिले. या ताऱ्यांवरून सेकंदाला हजार ते तीन हजार किलोमीटर वेगाने वारे वाहतात. वाऱ्यातील अस्थिरतेमुळे आघात तरंग निर्माण होऊन वायू काही दशलक्ष केल्विनपर्यंत तापतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. थीटा-१ ओरायनिस सीचे क्ष-किरण मात्र यापेक्षा फार कठोर होते.

चुंबकबद्ध वाऱ्याचे प्रतिमान

रोसाट उपग्रहाच्या निरीक्षणांतून या ताऱ्याची क्ष-किरण तेजस्विता सुमारे १५.४ दिवसांच्या आवर्तनाने बदलते असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. दृश्य वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषेतही हेच आवर्तन आधी आढळले होते. त्याच वर्षी बाबेल व मॉन्मेर्ल यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार द्विध्रुवी क्षेत्र दोन्ही गोलार्धांतील वाऱ्यांना चुंबकीय विषुववृत्ताकडे वळवते. तेथे ते समोरासमोर आदळतात व त्यांची गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. यासाठी काही शे गॉसचे क्षेत्र पुरेसे होते.

क्षेत्र प्रत्यक्ष मोजले गेले ते पाच वर्षांनी. २००२ मध्ये दोनाती व सहकाऱ्यांनी वर्णपटरेषांतील वर्तुळाकार ध्रुवीभवनावरून ध्रुवापाशी सुमारे १,१०० गॉसचे क्षेत्र असल्याचे दाखवले (पृथ्वीचे क्षेत्र साधारण अर्धा गॉस आहे). चुंबकीय अक्ष परिभ्रमणाच्या अक्षाशी सुमारे ४२ अंशांचा कोन करतो. त्यामुळे तारा फिरताना तप्त वायूची चकती कधी समोरून, तर कधी कडेने दिसते. कडेने दिसताना तिचा काही भाग ताऱ्याआड जातो आणि क्ष-किरण मंदावतात.

चंद्रा वेधशाळेच्या वर्णपटांनी चित्र अधिक स्पष्ट केले. तप्त वायूचे तापमान सुमारे तीन कोटी केल्विनपर्यंत जाते. तरीही रेषा अरुंद आहेत, म्हणजेच हा वायू वाऱ्याबरोबर वेगाने बाहेर जात नसून अडकून पडला आहे. मॅग्नेशियम, सिलिकॉन यांसारख्या मूलद्रव्यांच्या हेलियमसदृश आयनांच्या रेषांतून त्याचे स्थानही ठरवता येते. ताऱ्याचा अतिनील प्रकाश जितका जवळून व तीव्रतेने पडतो, तितकी ‘निषिद्ध’ रेषा क्षीण होते. या मोजणीनुसार वायू ताऱ्याच्या पृष्ठभागालगतच आहे.

मर्यादा

कठोर क्ष-किरण हा चुंबकत्वाचा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. जोडताऱ्यांचे वारे एकमेकांवर आदळूनही ते निर्माण होतात, आणि थीटा-१ ओरायनिस सी हा स्वतःच जोडतारा आहे. त्याच्या बाबतीत निर्णायक ठरले ते १५.४ दिवसांचे आवर्तन. कारण सोबत्याच्या कक्षेचा काळ कित्येक वर्षांचा आहे. उलट, अनेक चुंबकीय ताऱ्यांचे क्ष-किरण मुळीच कठोर नसतात. एनजीसी १६२४-२ या ताऱ्याचे क्षेत्र सुमारे २०,००० गॉस, म्हणजे ज्ञात ओ ताऱ्यांत सर्वाधिक आहे. परंतु त्याच्या विस्तीर्ण चुंबकावरणातील थंड वायू बहुतांश क्ष-किरण शोषून घेतो. म्हणून अंतिम खात्री ध्रुवीभवनाच्या मोजणीनेच केली जाते. अशा सर्वेक्षणांत जड ताऱ्यांपैकी सुमारे ७ टक्केच चुंबकीय आढळले आहेत.