महासाथीतील प्राथमिक श्वसनोपचार : बीड जिल्हा

कोविड-१९ च्या साथीत (२०२०–२२) बीड जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि आशा कार्यकर्त्या यांच्या पातळीवर झालेली श्वसनविकारांची तपासणी, उपचार व रुग्णाला वेळेत पुढे पाठवण्याची पद्धत. करोनाबरोबर दमा, चुलीच्या धुराने जडलेला जुनाट श्वासविकार आणि क्षय हेही तिचे विषय. पण साथीच्या ऐन भरात या जुन्या दुखण्यांना वाली उरला नव्हता.

अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्या फडावरच अडकल्या. १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने आरोग्य तपासणीच्या अटीवर त्यांना गावी परतू दिले. पाचटाच्या धुळीत आणि कोपीतल्या चुलीपुढे हंगाम काढलेल्या माणसाला खोकला नवा नसतो. त्यामुळे ‘खोकला आहे का?’ या एका प्रश्नावर चाळणी लावण्यात फारसे हशील नव्हते. ताप कधीपासून, धाप पूर्वीपेक्षा वाढली का, चार पावले चालल्यावर काय होते, हे विचारणे अधिक कामाचे.

१५ सप्टेंबर २०२० पासूनच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशांच्या हाती तापमापक आणि ऑक्सिमीटर आले. ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या आत आला किंवा प्रौढाचा श्वास मिनिटाला २४ वर गेला, तर दुखणे मध्यम स्वरूपाचे; ९० च्या आत किंवा श्वास ३० च्या वर गेल्यास गंभीर. काही रुग्ण बोलते-चालते असूनही त्यांचा ऑक्सिजन उतरलेला असे. म्हणून सहा मिनिटे चालवून आकडा पुन्हा पाहण्याची युक्ती मोलाची ठरली. मात्र आधीच धाप लागलेल्याला चालवायचे नसते. यंत्रही फसवते. बोट गार असेल, नखावर रंग किंवा मेंदी असेल, तर आकडा चुकू शकतो. सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसण्याचा संभव असतो. बोट चोळून ऊब आणावी, आकडा स्थिरावू द्यावा, आणि छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. या शेवटच्या कामाला पैसा लागत नाही, आणि नेमके तेच घाईत राहून जाते.

सौम्य रुग्णाला पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती आणि रोजची विचारपूस पुरते. ‘सलाईन लावा, सुई द्या’ हा आग्रह आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत जो-तो विचारू लागलेला सिटी स्कॅनचा ‘स्कोअर’ यांनी सौम्य रुग्णाचे भले क्वचितच झाले. डेक्सामेथासोन जीव वाचवते, पण ऑक्सिजन लागणाऱ्याचा. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने हे दाखवले. ऑक्सिजन न लागणाऱ्याला त्याचा फायदा दिसला नाही, मधुमेह्याची साखर मात्र त्याने चढते. दमेकऱ्याने पंप बंद करू नये. वाफाऱ्याच्या यंत्राने तुषार उडत असल्याने स्पेसर लावून पंप देणे बरे. ऑक्सिजन उतरलेला रुग्ण गाडीची वाट पाहत असेल, तर त्याला पालथे झोपवावे.

पुढे पाठवणे ही बीडमधली खरी कसोटी. रचना त्रिस्तरीय होती : कोविड केअर सेंटर, समर्पित कोविड आरोग्य केंद्र आणि समर्पित कोविड रुग्णालय. गंभीर रुग्णांचा भार मुख्यतः बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांच्यावर पडला. आष्टीकरांना मात्र बीडपेक्षा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जवळ. कागदावरची जिल्ह्याची हद्द आणि दम लागलेल्या माणसाची वाट एक नसते, ही गोष्ट नियोजनात आधी धरायला हवी होती.

साथीची सर्वांत कमी बोलली गेलेली किंमत क्षयरुग्णांनी मोजली. २०२० मध्ये देशातील क्षयाच्या नोंदी आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्या. रोग घटला नव्हता, तपासणी घटली होती. क्षयासाठीची सीबीनॅट यंत्रे करोनाच्या चाचण्यांकडेही वळली होती. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्राने दोन्ही रोगांची तपासणी एकमेकांच्या रुग्णांत करण्याची सूचना काढली. करोनाचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तरी खोकला दोन आठवडे टिकल्यास बेडका तपासून घ्यावा; सरकारी आरोग्य केंद्रामार्फत ही तपासणी आणि क्षयाचे औषध दोन्ही मोफत मिळतात.