वेग वाढतो, कार्ड रुसते

ओव्हरक्लॉकिंग करताना ग्राफिक्स, साउंड आणि इतर कार्डे का अडखळतात, आणि दोष कसा शोधावा

नवा संगणक घेण्याऐवजी आहे त्याच संगणकाकडून जास्त काम करून घेण्याच्या युक्तीला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर, मेमरी किंवा ग्राफिक्स कार्ड अधिक वेगाने चालवणे, एवढाच या शब्दाचा अर्थ. अनेकदा हा प्रयोग साधल्यासारखा वाटतो. प्रोसेसर फारसा तापत नाही, चाचण्याही पार पडतात. मग काही दिवसांनी स्पीकरमधून खरखर ऐकू येऊ लागते, नेटवर्क मधूनच तुटते किंवा गेम रंगात आलेला असताना पडदा काळा होतो. कार्ड बिघडले, असा निष्कर्ष काढून वापरकर्ता लॅमिंग्टन रोडची वाट धरतो. प्रत्यक्षात कार्ड बहुधा धडधाकट असते. ते ज्या ठोक्यावर चालते, तो ठोकाच बदललेला असतो.

एकच ठोका, अनेक भाग

मदरबोर्डवर ठरावीक गतीने विद्युत ठोके देणारे एक सर्किट असते. प्रोसेसरचा वेग म्हणजे या मूळ ठोक्याचा, अर्थात बेस क्लॉकचा, आणि मल्टिप्लायरचा गुणाकार. मल्टिप्लायर वाढवला तर प्रोसेसरच वेगाने धावतो. मूळ ठोका वाढवला तर त्यावर अवलंबून असलेला प्रत्येक भाग सोबत ओढला जातो. त्यात मेमरी येते आणि काही मदरबोर्डांवर ॲड-ऑन कार्डांचे स्लॉटही येतात.

याचे उत्तम उदाहरण १९९८ सालचे. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ४.५ पटीने, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झवर चाले. त्याचा मल्टिप्लायर कंपनीने कुलूपबंद केलेला असल्याने हौशी मंडळींकडे बस वाढवण्याचा एकच मार्ग उरला. बस १०० केली की प्रोसेसर ४५० वर जाई. त्या काळच्या पीसीआय स्लॉटचा ठरलेला वेग ३३ मेगाहर्ट्झ आणि एजीपी स्लॉटचा ६६ मेगाहर्ट्झ. हे वेग बसला ठरावीक आकड्याने भागून मिळत. बस ६६ असताना पीसीआयसाठी निम्मा, तर १०० असताना एक तृतीयांश भाग घेतला जाई. म्हणून बस १०० वर नेऊनही कार्डांना आपला ३३ चा ठोकाच मिळे.

गंमत मधल्या वेगांची होती. १०० वर प्रोसेसर टिकत नाही म्हणून कोणी सावधगिरीने बस ८३ वर ठेवली, तर भाजक निम्माच राही आणि पीसीआय सुमारे ४१.५ मेगाहर्ट्झवर पोहोचे. ही वाढ जवळजवळ २५ टक्क्यांची. प्रोसेसरच्या दृष्टीने ८३ ही सौम्य वाढ, पण कार्डांच्या दृष्टीने ती १०० पेक्षाही कठोर. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटवर बस १३३ केल्यास एजीपीची अशीच पंचाईत होई. तिथे एजीपीसाठी दोन तृतीयांशापेक्षा लहान भाग उपलब्ध नसल्याने तो स्लॉट ८९ मेगाहर्ट्झवर चाले. काही ग्राफिक्स कार्डे ते सहन करीत, काही पहिल्याच मिनिटाला मान टाकीत.

कुलूप आले, तरी प्रश्न उरला

एनव्हिडियाच्या २००२ सालच्या एनफोर्स२ चिपसेटमध्ये पीसीआय आणि एजीपीचे वेग बसपासून अलग ठेवण्याची सोय होती. हौशी वर्तुळात तिला 'लॉक' म्हटले गेले. पुढे पीसीआय एक्स्प्रेस आले आणि कार्डांचा संदर्भ ठोका १०० मेगाहर्ट्झ झाला. तोही अनेक मदरबोर्डांवर अलग ठेवता येई.

मात्र २०११ साली इंटेलच्या 'सँडी ब्रिज' प्रोसेसरांबरोबर चाक उलटे फिरले. प्रोसेसर, पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा हे सारे एकाच १०० मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर आले. हा ठोका काही टक्क्यांपलीकडे वाढवला की संगणक डळमळू लागे. २०१५ मधील 'स्कायलेक' पिढीत इंटेलने पीसीआय एक्स्प्रेसचा ठोका पुन्हा वेगळा केला. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांसाठीच्या अनेक मदरबोर्डांवर स्वतंत्र क्लॉक सर्किट नसते. तिथे बेस क्लॉक वाढवला की पीसीआय एक्स्प्रेसही वाढते. त्यामुळे आपल्या मदरबोर्डवर काय कशाला बांधलेले आहे, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहणे ही पहिली पायरी ठरते.

लक्षणे काय सांगतात?

साउंड कार्ड : खरखर, आवाज तुटणे, रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक.

नेटवर्क कार्ड : जोडणी तुटून पुन्हा जुळणे, मोठी फाइल उतरवताना वेग अचानक घसरणे.

ग्राफिक्स कार्ड : पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसल्यास संशय कार्डावरील मेमरीच्या वाढवलेल्या वेगावर किंवा उष्णतेवर घ्यावा. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर ग्राफिक्स चिप प्रतिसाद देईनाशी झाली असे समजावे. विंडोज साधारण दोन सेकंद वाट पाहून ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद टाकते.

डिस्क जोडलेले कार्ड किंवा कंट्रोलर : सर्वात धोकादायक प्रकार हाच. आवाज खरखरला तर कानाला कळते, पण डिस्कवर चुकीची माहिती लिहिली गेली तर ती कित्येक आठवडे लक्षातही येत नाही. घरातले फोटो आणि हिशेब अशा वेळी गुपचूप खराब होतात.

विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये 'व्हिया-लॉगर' या नावाखाली १७ क्रमांकाच्या नोंदी वारंवार दिसत असतील, तर त्यातील तपशील वाचावा. पीसीआय एक्स्प्रेसचा उल्लेख असल्यास स्लॉट आणि कार्ड यांच्यातील संवादात चुका होत असून त्या तूर्त दुरुस्त केल्या जात आहेत, असा त्याचा अर्थ. संगणक चालतो आहे म्हणून या नोंदींकडे दुर्लक्ष करू नये.

शोध कसा घ्यावा?

१. सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी.

२. बायोसमधील सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणावीत. मेमरीचे एक्सएमपी प्रोफाइलही बंद करावे, कारण तेही एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच आहे. त्यानंतरही तक्रार राहिली तर दोष वाढीव वेगाचा नाही. कार्ड काढून त्याचे संपर्क स्वच्छ करावेत, दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि जमल्यास दुसऱ्या संगणकात तपासावे.

३. मूळ स्थितीत सारे सुरळीत असेल, तर आता मूळ ठोका वाढवावा, पण मल्टिप्लायर आणि मेमरीचे गुणोत्तर खाली आणून प्रोसेसर व मेमरी आपापल्या ठरलेल्या वेगाच्या आतच ठेवावेत. एवढ्यानेही कार्ड अडखळले, तर गुन्हेगार बहुधा स्लॉटचा ठोकाच. सर्वात नेमके उत्तर देणारी चाचणी हीच.

४. ती चाचणी पार पडल्यास ठोका मूळ ठेवून मल्टिप्लायर वाढवावा, नंतर मेमरी स्वतंत्रपणे तपासावी. मेमरीतील चुका कार्डाच्या दोषाचे सोंग घेतात, म्हणून मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवावे.

५. ग्राफिक्स कार्डाचा स्वतःचा वाढीव वेग शेवटी तपासावा. काही कार्डे कारखान्यातूनच वेग वाढवून येतात. अशा कार्डाचा वेग थोडा उतरवून पाहिल्यास बरेचदा उलगडा होतो.

६. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. दोन बदल एकत्र केले की कोणता कामी आला हे कळत नाही.

बायोसमध्ये 'पीसीआय एक्स्प्रेस फ्रिक्वेन्सी' असा पर्याय असल्यास तो 'ऑटो'वर न सोडता १०० वर ठेवावा.

वीज, उष्णता आणि वायर

ठोका निर्दोष ठरल्यावर विजेकडे वळावे. पीसीआय एक्स्प्रेसच्या मोठ्या स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, तर आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट. वेग वाढवलेला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरच ताव मारतात. गेममध्ये दोघांवर एकदम भार पडला की जुना एसएमपीएस क्षणभर कमी पडतो आणि संगणक बंद होतो. कार्डाला दोन जोडण्या लागत असतील तर त्या एकाच वायरच्या दोन फाट्यांवरून न देता दोन स्वतंत्र वायरींनी द्याव्यात.

उष्णतेचे गणित महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचे. डिसेंबरच्या रात्री पुण्यात पार पडलेली चाचणी मे महिन्यात नागपुरात कामाची नाही. खोलीचे तापमान १५ अंशांनी वाढले की कॅबिनेटमधील भागांचे तापमानही जवळपास तेवढेच वर सरकते. म्हणून सेटिंग ठरवताना उन्हाळ्यासाठी फरक राखून ठेवावा.

ग्राफिक्स कार्ड उभे बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल, तर तीही तपासावी. रायझन ३००० मालिकेबरोबर २०१९ मध्ये घरगुती संगणकांत पीसीआय एक्स्प्रेस ४.० आले. तिसऱ्या पिढीसाठी बनलेल्या रायझरवर चौथ्या पिढीचे कार्ड लावल्यास कोणताही वेग न वाढवताही पडदा काळा होऊ शकतो. बायोसमध्ये त्या स्लॉटची पिढी ३ वर आणली की बहुतेक वेळा तक्रार थांबते.

कुठे थांबावे?

अस्थिरतेवर व्होल्टेज वाढवणे हा मोह मोठा असतो. स्लॉटचा ठोकाच चुकलेला असेल, तर व्होल्टेजने दोष झाकला जातो आणि उष्णता मात्र वाढते. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान साधारणतः वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

सेटिंग पक्के करण्यापूर्वी काही गिगाबाइटची फाइल एका डिस्कवरून दुसरीकडे अनेकदा कॉपी करून मूळ आणि प्रत यांचा हॅश जुळवून पाहावा. विंडोजमधील सर्टयूटिल या आज्ञेने हे करता येते. हॅश एकदाही चुकला, तर प्रोसेसरच्या चाचणीत कितीही उत्तम आकडे आले तरी ते सेटिंग सोडून द्यावे. पाच टक्के वेगासाठी दहा वर्षांचे फोटो पणाला लावणे कोणालाच परवडणारे नाही.