टारफुला आणि ज्वारीची मुळं
मैत्रिणींनो, ज्वारीतला टारफुला खुरपता खुरपता आपली कंबर मोडते. पण तो वर दिसेपर्यंत त्यानं खाली मुळातून रस ओढलेला असतो. आफ्रिकेत तर त्यानं शेतंच्या शेतं बुडवली.

त्याचं बी मातीत वीस वर्षंही पडून राहतं. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारं द्रव्य लागलं, की जागं होतं. इथिओपियातल्या गवती झोपडीत वाढलेले, आईनं हट्टानं शिकवलेले गेबिसा एजेटा यांनी नेमकं हेच हेरलं. पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांसह ते द्रव्य अगदी कमी सोडणारे वाण काढले. बी झोपलेलंच! १९९४ साली ८ टन बियाणं आफ्रिकेतल्या १२ देशांत गेलं. २००९ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आमच्या गटातल्या आम्ही मात्र अजून हातानंच उपटतो, फुलावर येण्याआधी.