फडाबाहेरचा सोंगाड्या

सातारा-सांगलीच्या मुलखात जत्रेच्या रात्री तमाशाच्या फडात गण-गौळण आटोपून बतावणीला आरंभ झाला, म्हणजे सोंगाड्या पाटलाच्या मिशीपासून सावकाराच्या वहीपर्यंत आणि मामलेदाराच्या दिमाखापासून फौजदाराच्या छडीपर्यंत सर्वांची यथेच्छ रेवडी उडवीत असे, आणि ज्यांची उडे तीच मंडळी पुढे बसून त्याला बिदागी देत असत. परंतु हाच मनुष्य दुसऱ्या दिवशी चावडीवर सार्वजनिक प्रश्नासंबंधी दोन शब्द बोलू लागला, किंवा त्याने लेखणी हाती धरली, की थट्टेचा रोख उलटा फिरे आणि कालपर्यंत हसविणारा आज स्वतःच हास्याचा विषय होई. थट्टेची ही मुभा फडापुरती होती. फडाच्या कनातीबाहेर तिची सनद चालत नव्हती.

या उपहासाचा इतिहास शोधायचा, तर क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेच्या काठानेच खाली उतरावे, कारण मराठी रंगभूमीचा फार मोठा अंश याच खोऱ्यात घडला आहे. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. संस्थानाचा खजिना पाठीशी होता तोवर ती राजदरबारची विद्या होती; 1851 साली आप्पासाहेब निवर्तले, भाव्यांना मंडळी घेऊन मुलूखगिरीस निघावे लागले, 1853 साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले, आणि दरबारी विद्या पोटाचा धंदा ठरली. नटाच्या प्रतिष्ठेला जी ओहोटी पुढे लागली तिचे मूळ मला येथे दिसते. कलेचे मोल रोख पैशात होऊ लागले, परंतु कलावंताचे स्थान मात्र वतनाच्या जुन्या पायरीवरच मोजले जात राहिले.

ती पायरी उतरणाऱ्यालाही समाजाने सोडले नाही. कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी कुलकर्णीपणाचे दफ्तर दूर सारून ढोलकीचा फड जवळ केला आणि पठ्ठे बापूराव या नावाने महाराष्ट्र गाजविला. अस्पृश्य मानलेल्या कुळातील नर्तकी पवळेबरोबर ते बोर्डावर उभे राहिले, तेव्हा निंदेला सीमा उरली नाही, आणि 1945 साली विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. ब्राह्मणाने तमाशात जाणे आणि तमासगिराने साहित्यात येणे या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने हिणविल्या गेल्या, यावरून त्या हिणवण्याचा संबंध गुणवत्तेशी किती अल्प होता हे उघड आहे.

येथे एक भेद केलाच पाहिजे. नागठाण्यास जन्मलेल्या बालगंधर्वांनी 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात एकनाथांची भूमिका केली, आणि त्यांना स्त्रीवेषात पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांचे मन त्या पुरुषवेषात रमले नाही. त्याच सुमारास गायक नट मास्टर दीनानाथांनी आपल्या बलवंत नाटक मंडळीच्या बळावर बोलपटाच्या व्यवसायात उडी घेतली, 1934 साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले, आणि त्या साहसात ते कर्जबाजारी झाले. हे अपयश खरे होते, त्याची परखड चिकित्सा होणे योग्यच. परंतु हिशेब चुकला असे म्हणणे निराळे, आणि गवयाने हिशेबाच्या वहीला हातच का लावावा असे विचारणे निराळे. पहिली टीका आहे. दुसरी केवळ पायरी दाखविणे आहे.

ही पायरी सर्वांत जड झाली ती अण्णाभाऊ साठ्यांना. वाळवे तालुक्यातील वाटेगावी 1 ऑगस्ट 1920 रोजी मातंग कुटुंबात जन्मलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला हा मुलगा तरुणपणी तमाशात रमला, मुंबईत मजुरी करता करता कामगार चळवळीत शिरला, आणि 1944 साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा त्यांनी गण-गौळणीचा साचा मोडून लोकनाट्य घडविले, आणि बतावणीतला सोंगाड्या गिरणीच्या दारात, मोर्चाच्या अग्रभागी येऊन उभा राहिला. पुढे त्यांनी कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या, त्याही विपुल. सुशिक्षितांच्या मोठ्या वर्गाने मात्र त्यांना शाहीर म्हणून डोक्यावर घेतले आणि साहित्यिक म्हणून दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर ठेवले. या अन्यायाविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही. ज्याच्या डफावर हजारोंच्या सभा जमवायच्या, त्याच्या शब्दाला विचाराचा दर्जा द्यायचा नाही, हा व्यवहार कृतघ्नपणाचा होता.

आचार्य अत्र्यांची गोष्ट वेगळी. ते शिक्षक, पदवीधर, ब्राह्मण. तथापि ‘साष्टांग नमस्कार’सारख्या नाटकांनी लोकांना हसविणाऱ्या या लेखकाने राजकारणात पाऊल टाकताच, विदूषकाला राज्यकारभारातले काय कळते, ही जुनीच हेटाळणी त्यांच्याही वाट्याला आली. वास्तविक पुणे नगरपालिकेत असताना तेथील रे मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात त्यांचाच पुढाकार होता. ही काही विदूषकी नव्हे. 30 नोव्हेंबर 1957 रोजी महाबळेश्वर तालुक्यातील प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करण्यास पंडित नेहरू आले, तेव्हा मराठी भाषिकांचे वेगळे राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने काळी निशाणे घेऊन निदर्शने केली, आणि वाईहून पाचगणीकडे चढणारा पसरणीचा घाट माणसांनी भरून गेला. त्या जनसागराला जागे करण्यात अत्र्यांच्या ‘मराठा’ पत्राचा आणि गावोगाव हिंडलेल्या शाहिरांचा वाटा कोणत्याही पुढाऱ्याहून उणा नव्हता. घाटाखालचे पसरणी हे गावही शाहीर कृष्णराव साबळ्यांचे.

त्या दिवशी सरकारपक्षाचे प्रमुख होते मुंबईच्या द्विभाषिक राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण; तेही देवराष्ट्र्याचे, म्हणजे वाटेगावाप्रमाणेच जुन्या सातारा जिल्ह्यातले. दोनच वर्षांनी, 1959 साली, अण्णाभाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली होती, आणि तिला प्रस्तावना लाभली सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची. 1961 साली महाराष्ट्र राज्याने उत्कृष्ट कादंबरीचा पुरस्कार तिला दिला, आणि त्या राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर तेव्हाही यशवंतरावच होते.